सतरावी सही

"इथं. सतरा नंबरवर," जयवंतराव गोर्डे म्हणाले आणि त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

चर्चच्या ऑफिसातला पंखा बंद होता. हन्नाला वारा नको, असं मीच सांगितलं होतं. चार महिन्यांची हन्ना माझ्या डाव्या खांद्यावर झोपली होती आणि मी सवयीनं तिच्या नाकाखाली बोट धरून बघत होते. ऊब लागली की माझा श्वास सुटायचा. सातव्या महिन्यात जन्मलेलं पोर. सव्वीस दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आणल्यावरही मला वाटायचं, मी नजर काढली की ही श्वास घ्यायला विसरेल.

"बाप्तिस्म्याचा अर्ज हाच का?" मी विचारलं.

"अर्ज हा. त्याच्याखालचा कागद चर्चच्या मंडळीचा आहे. त्यावर पण करून टाक. आणि हे बघ पोरी," त्यांनी अर्जावरच्या एका नावावर पेन्सिलीनं आडवी रेघ ओढली, "धर्मपित्याचं नाव बदलावं लागेल. धर्मपिता सभासद लागतो. ओहोळ रविवारपर्यंत सभासद राहतील असं काही मला दिसत नाही."

मी खालचा कागद वाचला. नंतर पुष्कळांनी सांगितलं की आम्ही न वाचताच सह्या केल्या. मी वाचला होता. मी एम. ए. झालेली बाई, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा दोनदा वाचते. कागदावर लिहिलं होतं की रत्नाकर ओहोळ यांचं राहणं ख्रिस्ती शिकवणीला न शोभणारं असल्यामुळे त्यांना सभासदत्वातून आणि वादकाच्या सेवेतून दूर करावं. आणि पुरुषाने पुरुषाशी घर मांडण्याच्या नव्या थेराला आमचा समाज एकमुखाने विरोध करतो.

"हे आत्ताच का?" मी विचारलं. "ओहोळ सर आणि मोघेकाका तर वीस वर्षं एका घरात राहतायत."

"तेव्हा कोर्टानं निकाल दिला नव्हता. आता टीव्हीवर झेंडे नाचवतात लोक." जयवंतराव पुढे झुकले. "रविवारी भाऊसाहेब येतायत उपासनेला. नगरपालिकेची तिकिटं त्यांच्या हातात आहेत. आपला माणूस नगरपालिकेत नको का? त्यांना लेखी दाखवायचंय, की ख्रिस्ती समाजही संस्कृती सांभाळणारा आहे. फोटो निघेल, पेपरात येईल."

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर काही नाही." ते हसले. "बाप्तिस्म्याची यादी मात्र मलाच करायची असते. या रविवारी नाही जमलं, तर पुढचा बाप्तिस्मा ईस्टरला. पाच महिने. पोर नाजूक आहे तुझं, म्हणून म्हणतो."

मी वरच्या सह्या बघितल्या. पहिली जयवंतरावांची. दुसरी सलोमीची, त्यांच्या सुनेची; अक्षर वाकडंतिकडं, पहिलीतल्या मुलासारखं. एके काळी रविवारच्या शब्बाथ शाळेचा फळा तीच लिहायची, इतकं देखणं अक्षर होतं. दोन वर्षांपूर्वी तिचं उजवं मनगट मोडलं. नळावर पाय घसरला, असं सगळ्यांनी ऐकलं आणि कोणीही मानलं नाही. ती चर्चच्या पंचांकडे गेली, नवरा मारतो म्हणाली. पंचांनी गोल करून प्रार्थना केली आणि तिला घरी पाठवलं. नवऱ्याचं नाव कुठल्या कागदावर आलं नाही.

सोळाव्या नंबरवर अमोलची सही होती. माझ्या नवऱ्याची. तो पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार येतो. मागच्या रविवारीच करून टाकली होती म्हणे. मला सांगायचं राहून गेलं.

हन्ना झोपेत कण्हली. मी सही केली.

याला आता सात वर्षं झाली. ते पेन कसलं होतं, तेही आठवतं. निळं, टोपणाला दाताच्या खुणा.

*

ओहोळ सरांनी मला पाचवीपासून गाणं शिकवलं. आमच्या मिशन कंपाउंडातल्या शाळेत ते संगीत शिक्षक, आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. माझी आई गेली तेव्हा शेवटचे तीन दिवस ते तिच्या उशाशी बसून गात होते, कारण आईला भजन थांबलं की भीती वाटायची. हन्ना काचेच्या पेटीत होती, तेव्हा रोज संध्याकाळी पाच वाजता ते दवाखान्याच्या खिडकीबाहेर येऊन उभे राहायचे. आत यायची परवानगी नव्हती. काचेला नाक लावून गुणगुणायचे. आवाज आत येत नव्हता, ओठ हलताना दिसायचे तेवढेच. नर्स म्हणाली होती, "तुमचे वडील फार श्रद्धाळू आहेत हो." मी तिला दुरुस्त केलं नाही.

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. सांगून टाकायचं ठरवून गेले होते. बघते तर सरांनी चर्चची पेटी उघडून ओट्यावर मांडली होती आणि ते ब्रशनं एकेक सूर साफ करत होते.

"ये. राणीसरकारांनाही आण. मोघे, पाहुणे आले रे!"

"दुरुस्तीला काढली?" मी विचारलं.

"परत द्यायचीय. नोटीस आली ना. शनिवारच्या सभेआधी स्वतःहून राजीनामा दिला तर नाव वाचणार नाहीत, अशी सवलत आहे. म्हटलं, देताना धूळ नको."

मोघेकाका आतून बाहेर आले. बँकेतून निवृत्त झालेले, काटकुळे, तोंडानं तिखट. दर नाताळात त्यांच्या हातच्या करंज्या सगळं कंपाउंड खायचं. जयवंतरावांकडे तर दोन डबे जायचे.

"चहा ठेवतो," ते म्हणाले. "सतरा नंबरला साखर चालते का?"

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

"गप रे मोघ्या," सर म्हणाले. मग माझ्याकडे न बघता ब्रश झटकत म्हणाले, "नोटिशीला सह्यांची प्रत जोडली होती. तुझं अक्षर लगेच ओळखू येतं. वळणदार आहे, पहिल्यापासून."

"सर, मला..."

"बरं केलंस. पोरीचा बाप्तिस्मा होऊ दे. हे बघ, ईस्टरपर्यंत तू रोज तिच्या नाकाखाली बोट धरून बसली असतीस, वेडी होऊन गेली असतीस. ती सही तू केली नाहीस, तुझ्या काळजीनं केली."

"काळजीला हात नसतात," मोघेकाका आतून म्हणाले.

सर हसले. पण त्यांचा ब्रश थांबला होता. "एकच सांगू? मला सभासदत्वाचं एवढं काही नाही. देव काही रजिस्टर बघून दार उघडत नसेल. पण दर महिन्याला प्रभुभोजनाच्या त्या मेजाजवळ जायचं, भाकरीचा तुकडा हातात घ्यायचा... एकतीस वर्षं. तेवढं एक लागेल जिवाला. आणि ही." त्यांनी करंगळी पुढे केली. हन्नानं ती मुठीत धरली आणि सोडेना.

मी चहा न पिता निघाले. माफी मागायला गेले होते. सरांनी मागायच्या आधीच देऊन टाकली. त्यामुळे मागायची ती माझ्याजवळ तशीच राहिली.

*

आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी चार वाजता, तयारीची सभा असते. कोणाचं कोणाशी वाकडं आलं असेल तर ते मिटवून मगच मेजाजवळ जायचं, म्हणून ही सभा. चर्चच्या भिंतीवर तिचे पाच नियम काचेच्या चौकटीत लावलेले आहेत, मिशनरी काळातले, पिवळे पडलेले. शब्बाथ शाळेत हेडबाईंनी ते आमच्याकडून छडी हातात घेऊन पाठ करून घेतले होते. माझ्या आधीच्या पिढीकडूनही.

पण खरोखर कोणी उठून समेट केल्याचं मी लहानपणी एकदाच पाहिलं होतं, दोन भावांचं, सामायिक भिंतीवरून. पुढे त्या सभेचं नोटीस बोर्ड होऊन गेलं. सहलीची वर्गणी, छताची गळती, भजनी मंडळाची तालीम. चौकटीवर पाली फिरायच्या.

त्या शनिवारी चर्च भरलं होतं. भांडण बघायला आपल्याकडे कधी माणसं कमी पडत नाहीत. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मधून काथ्याची लांब पट्टी. सर पुरुषांच्या पहिल्या बाकावर एकटे बसले होते. त्यांच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं. पेटी समोर होती, नवी असल्यासारखी चकचकीत, झाकण बंद. राजीनामा त्यांनी दिला नव्हता. मोघेकाकांनी देऊ दिला नाही, असं नंतर कळलं.

मी चौथ्या बाकावर होते. अमोल पुण्याहून नुकताच आला होता, पलीकडे पुरुषांत बसला होता. निघताना म्हणाला होता, "सुवार्ता, तू काही बोलू बिलू नकोस हं. उद्या बाप्तिस्मा आहे." मी म्हणाले, मी कशाला बोलतेय. आणि मला खरंच बोलायचं नव्हतं. मागे दाराशी जागा धरावी असंही मनात आलं होतं.

जयवंतराव उठले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं.

"सुरुवातीला आपण एका प्रिय बंधूसाठी प्रार्थना करू या," ते म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि आवाज ओला केला. "हे परमेश्वरा, आमच्या रत्नाकर भावाला तू वासनेच्या चिखलातून बाहेर काढ. त्याच्या घरात जे चालतं ते तू बघतोस..."

आमच्याकडे ही एक रीत आहे. एखाद्याबद्दल चारचौघांत बोलता येत नाही ते डोळे मिटून देवाला सांगायचं, मोठ्यानं. मीही केलंय. सलोमीच्या मनगटाबद्दल मी महिला मंडळात अशीच प्रार्थना केली होती, तपशिलासकट.

मी डोळे उघडे ठेवले. तिसऱ्या बाकावर सलोमी बसली होती. तिनं उजवा हात पदराखाली घेतला होता.

प्रार्थना संपली. जयवंतरावांनी ठराव वाचला. "एकूण एक्केचाळीस सह्या. पाळकसाहेब, एवढं मंजूर म्हणून जाहीर करा, की आपण पुढच्या विषयाला लागू."

आमचे पाळक आढाव साहेब तेव्हा तिशीचे असतील. पाळक म्हणून ही त्यांची पहिलीच मंडळी. जयवंतरावांनी त्यांच्या घराला रंग लावून दिला होता. ते कागद हातात घेऊन उभे राहिले, चष्मा वर केला, खाली केला.

"मी... शास्त्र मला एक शिकवतं," ते म्हणाले. "ते मी लपवणार नाही. पण असं, एकाच माणसाचं नाव..."

"साहेब, जाहीर करा," जयवंतराव मऊ आवाजात म्हणाले.

हन्ना जागी झाली. रडली नाही, नुसती मान वळवून पेटीकडे बघायला लागली. दर रविवारी त्या बाजूनं सूर येतात, हे तिला कळत असावं. आज येत नव्हते. तिची मान सावरून मी पुन्हा नाकाखाली बोट धरलं आणि माझ्या लक्षात आलं, की याच बोटांनी ते निळं पेन धरलं होतं. उद्या याच हातांनी मी हिला पाळकांच्या हातात देणार.

मी कधी उठले, मला कळलं नाही.

"बाळाला बाहेर न्यायचंय का?" जयवंतराव म्हणाले. "जा, जा. सावकाश."

"नाही," मी म्हणाले. आवाज माझा वाटला नाही. "तिसरा नियम."

"काय?"

"तयारीच्या सभेचा तिसरा नियम. ज्यानं बंधूचा अपराध केला, त्यानं उठून जवळ जावं आणि उजवा हात द्यावा."

कोणीतरी हसलं. जयवंतरावांच्या कपाळावर आठी आली. "हे बघ सुवार्ता, ते जुनं झालं. आत्ता ठराव चालू आहे. तू आधी बस खाली, मग..."

"मध्ये कोणी बोलू नये, जयवंता."

आवाज बायकांच्या पहिल्या बाकावरून आला. सगुणाबाई रणनवरे. आमच्या हेडबाई. ब्याऐंशी वर्षांच्या, ताठ, हातात काठी. काठी वर केली की अजूनही आम्ही तळवे मागे घेतो.

"नियमात पुढचं वाक्य तेच आहे. मध्ये कोणी बोलू नये. तिसरीत असताना तुझ्याकडून मी ते पंचवीस वेळा लिहून घेतलं होतं. विसरलास? चालू दे ग, सुवार्ता."

मी काथ्याच्या पट्टीवर आले. सरांचा बाक सात-आठ पावलांवर असेल. एवढं अंतर मी आयुष्यात चालले नाही. हन्ना डाव्या कडेवर. पाठीमागून अमोलचं "अगं!" ऐकू आलं.

सर उभे राहिले.

"सर," मी म्हणाले, "मी तो कागद वाचला होता. वाचून सही केली. तो खरा आहे म्हणून नाही. माझ्या पोरीसाठी तुम्हाला विकलं मी." आणि उजवा हात पुढे केला.

सरांनी तो लगेच घेतला नाही. काल त्यांच्या ओट्यावर माफी फुकट मिळाली होती. आज ते माझ्या हाताकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा असा काही झाला, की मला पहिल्यांदाच कळलं, त्यांना किती लागलं होतं. मग त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. हन्नानं त्यांचा चष्मा ओढला.

"बरं, झालं?" जयवंतराव म्हणाले. "एक सही कमी. चाळीस राहिल्या. पाळकसाहेब..."

बांगड्या वाजल्या. सलोमी उठली होती.

ती खाली मान घालूनच चालत आली. सासऱ्यासमोरून आली. सरांपुढे उभी राहिली आणि तिनं पदराखालून उजवा हात काढला. मनगटापाशी तो बाहेरच्या बाजूला वाकडा बसला होता. सरळ पुढे करायला तिला कोपर उचलावं लागलं. सगळ्या चर्चनं तो हात पाहिला. दोन वर्षं आम्ही सगळे तो बघायचा टाळत आलो होतो.

सरांनी तो अलगद धरला, अंडं धरावं तसा.

"सलोमी!" जयवंतरावांचा आवाज फुटला. "घरी चल."

"मध्ये बोलू नये," हेडबाई म्हणाल्या. काठी जमिनीवर आपटली. "आता मी बोलते, कारण मी बसून बोलते, आणि मला नियम लागू करायला तुझ्यात दम नाही. जयवंता, मलाही तो प्रकार पटत नाही. नाहीच पटत. मरेपर्यंत पटायचा नाही, आणि देवानं विचारलं तर मी त्याला तसंच सांगेन. म्हणून तुला वाटलं, बाईंची सही हमखास. तू घरी आलास तेव्हा मी काय विचारलं होतं तुला?"

जयवंतराव खिशातली पेनं सारखी करू लागले.

"विचारलं होतं, हिचं मनगट मोडलं तेव्हा शाई संपली होती का? तेव्हा ठराव कुठं होता? तुझ्या पोराला मेजापासून कधी दूर ठेवलंस? तो उद्या भाकरीचं ताट फिरवणार आहे ना? आणि ज्या भाऊसाहेबाला तू आपली संस्कृती दाखवायला निघालास, त्याच्याच पोरांनी गेल्या नाताळात आपला तारा फोडला. काठीवरून उतरवून. तो तारा कोणी पुन्हा बांधला? रत्नाकरनं आणि त्या मोघ्यानं. बामणाचं पोर शिडीवर चढलं होतं आपल्या ताऱ्यासाठी."

मग पुरुषांच्या बाजूला बाक करकरला.

अमोल. तोंड उतरलेलं, शर्टाची टोकं पुन्हा पुन्हा खोचत तो आला. "सर, मी तर... वाचलंही नव्हतं," तो म्हणाला. "सगळे करतायत म्हणून केली."

"ते आणखी वाईट, गाढवा," सर म्हणाले आणि त्याला मिठीत घेतलं. चर्च हसलं. ते हसणं असं होतं, की छपराखाली किती दिवसांची कोंदट हवा एकदम बाहेर पडावी.

मग रांगच लागली. पोस्टातले गायकवाड आले. दूधवाल्या रेबेकाबाई आल्या, रडत, नाक पुसत, "माझ्या पोराच्या लग्नात तुम्ही फुकट वाजवलंत हो सर, आणि मी मेली..." पंचांपैकी दोघं आले, एकानं हात देताना जयवंतरावांकडे बघितलं, दुसऱ्यानं बघितलं नाही. सरांचा हात लाल झाला. ते मध्येच म्हणाले, "अरे बाबांनो, उद्या मला पेटी वाजवायची आहे, हळू." ते वाक्य ऐकून माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. उद्या वाजवायची आहे, असं ते म्हणाले होते.

शेवटी हेडबाई काठी टेकून उठू लागल्या.

"बाई, तुम्ही कशाला," सर म्हणाले. "तुमची तर सही नव्हती."

"सही नव्हती. पण वीस वर्षं मी घरोघरी तुझ्यासाठी प्रार्थना केली, रत्नाकर. आत्ता यानं केली ना, तशीच. ती प्रार्थना नव्हती, चहाड्या होत्या. देवाच्या नावावर खपवल्या." त्यांचा श्वास लागला. "माझं मत आहे तिथंच आहे हं. हात मात्र घे."

"उठू नका," सर म्हणाले. "मी येतो." आणि पट्टी ओलांडून ते बायकांच्या बाजूला गेले आणि बाईंच्या पुढ्यात गुडघ्यावर बसले. बाईंनी उजवा हात दिला आणि डाव्या हातानं त्यांच्या डोक्यावर एक टपली मारली.

आढाव साहेब अजून कागद धरून उभे होते. ते चालत भिंतीजवळ गेले. चौकटीवरची धूळ त्यांनी कोटाच्या बाहीनं पुसली आणि वाचलं.

"चौथा नियम. हात घेतला गेल्यावर तो विषय या मंडळीत पुन्हा कोणी मांडू नये." त्यांनी ठरावाचा कागद चार घड्या करून खिशात ठेवला. "विषय संपला."

मग ते थांबले. आम्हा सगळ्यांना पाचवा पाठ होता. ज्यानं हात देण्याचं नाकारलं, त्यानं भोजनाच्या सेवेत भाग घेऊ नये. साहेबांनी तो वाचला नाही. ते नुसते जयवंतरावांकडे बघत उभे राहिले. सगळं चर्च त्यांच्याकडे बघत होतं. सरांनी स्वतः दोन पावलं पुढे येऊन हात पुढे केला. मी शपथेवर सांगते, तो हात कितीतरी वेळ हवेत होता.

जयवंतरावांनी खिशातून फोन काढला. "भाऊसाहेबांचा आहे," ते म्हणाले आणि बाहेर गेले. फोन वाजला नव्हता.

सलोमी त्या संध्याकाळी सासरी गेली नाही. हेडबाईंची पिशवी उचलून त्यांच्यामागे चालू लागली. आज ती मिशनच्या त्याच शाळेत शिकवते. डाव्या हातानं फळा लिहिते, आणि अक्षर पुन्हा देखणं झालंय.

*

रविवारी भाऊसाहेब आले. तीन पांढऱ्या गाड्या. जयवंतरावांनी त्यांना फाटकावरच हार घातला, आत आणलं, पण स्वतः दाराबाहेर उभे राहिले. भाकरीचं ताट त्या दिवशी पोस्टातल्या गायकवाडांनी फिरवलं. भाऊसाहेब चार मिनिटं रस्त्यांविषयी बोलले. दाखवायला कागदच नव्हता, त्यामुळे फोटो हेडबाईंबरोबर निघाला, आणि बाईंनी त्यात ताऱ्याची भरपाई मागितली. तिकीट पुढे कोणा तिसऱ्यालाच मिळालं.

बाप्तिस्म्याच्या वेळी आढाव साहेबांनी अर्ज उघडला. पेन्सिलीची रेघ खोडलेली होती; कोणी खोडली, मी विचारलं नाही.

"या लेकराचा धर्मपिता कोण?"

"मी," सर म्हणाले. पेटीमागून उठून आले आणि त्यांनी हन्नाला घेतलं. पाणी डोक्यावर पडलं तेव्हा ती दचकली, जांभई दिली, आणि सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर दूध ओकली.

पुढे साहेब मंडळीला विचारतात, की या लेकराला तुम्ही प्रेमानं वाढवाल का. आणि मंडळी उभी राहून हो म्हणते. साहेबांनी तोंड उघडण्याआधीच सगळे उभे राहिले होते. एक सोडून. शेवटच्या बाकावर मोघेकाका बसले होते. वीस वर्षांत पहिल्यांदा आत आले होते. आजवर सरांना सोडून फाटकावर थांबायचे. कधी उठायचं, कधी बसायचं, त्यांना कळत नव्हतं.

हेडबाईंनी मान वळवली. काठीनं खूण केली.

"उठा हो मोघे! इथं उभं राहायचं असतं. आपल्याला पोर वाढवायचंय."

मोघेकाका उठले.

घरी आल्यावर हन्ना तीन तास झोपली. अमोल म्हणाला, बघून ये एकदा. मी मोघेकाकांच्या करंज्या खात ओट्यावर बसले होते. म्हणाले, झोपलीय ती, झोपू दे.